बाबांना आणायला

बोटीतून उतरल्यावर आत्याने सगळ्यात आधी पर्समधून कवळी काढून तोंडात बसवली आणि मगच धक्क्याकडे पाहिलं. समुद्र खवळलेला असला की कवळी काढून ठेवायची, हा सल्ला तिला ठकीने दिला होता. ठकी दातांची डॉक्टर. पन्नाशीला आली होती, स्वतःचा दवाखाना होता, हाताखाली दोन माणसं होती, पण घरच्यांच्या लेखी ती ठकीच राहिली होती आणि तिनेही आता त्यापुढे हात टेकले होते.

“कुठाय बंड्या?” आत्याने विचारलं.

बंड्या म्हणजे बाबा. ठकीचे आणि दादाचे वडील, आत्याचा धाकटा भाऊ, वय बहात्तर. उभा जन्म त्यांनी शहरातल्या एकाच मार्गावर बस चालवली, डेपो ते मोठं हॉस्पिटल आणि परत. शेवटच्या आजारात आई त्याच हॉस्पिटलात होती, तेव्हा दर फेरीला ते खालच्या थांब्यावर बस जरा जास्त वेळ उभी करायचे आणि वरच्या खिडकीकडे बघायचे. पुढे आई गेली, नोकरी संपली, आणि दादाच्या घरी खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या बसचालकांना नावं ठेवण्यात त्यांचे दिवस जाऊ लागले. हिवाळ्याच्या तोंडावर निवृत्त चालकांची जहाजाची सहल निघाली, तेव्हा दादानेच आग्रह करून त्यांना पाठवलं. जहाज या बेटावर एका दुपारपुरतं थांबलं. बाकीचे दीपगृह बघून, फोटो काढून परत चढले. बाबा चढले नाहीत. संध्याकाळी घरी फोन आला.

“मी इथे थांबतोय,” बाबा म्हणाले. “इथे एक बस आहे.”

या वाक्याचा अर्थ लावण्यात घराने अख्खा हिवाळा घालवला. दादाचं म्हणणं, बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय. ठकीचं म्हणणं, ते एकटे पडले होते आणि आपल्याला ते दिसलं नाही. वहिनीचं म्हणणं सगळ्यात थोडक्यात होतं: बाई आहे. वहिनी फरशांचं दुकान सांभाळायला मागे राहिली होती. दुकान दादाचं, पण कुठली फरशी कुठे ठेवलीय हे फक्त वहिनीला माहीत असायचं. निघताना तिने ठकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “वन्सं, बाई कशी आहे ते तेवढं नीट बघून या.”

आत्याला मुद्दाम आणलं होतं. आजोबाही एकदा असेच, सर्कशीचे तंबू ठोकायला म्हणून, दोन देश ओलांडून निघून गेले होते आणि सोळा वर्षांच्या आत्याला त्यांना आणायला धाडलं होतं. ती त्यांना घेऊन आली. पळालेले पुरुष परत आणायचा अनुभव घरात तिच्या एकटीच्याच गाठीला होता.

“तू आजोबांना काय सांगितलं होतंस गं?” दादाने बोटीत तिला विचारलं होतं.

“काहीच नाही. नुसती समोर बसून राहिले. शेवटी तेच कंटाळले.”

धक्क्यापलीकडे एक पिवळी बस येऊन थांबली. थांबली म्हणजे आधी खांबाला जरा टेकली आणि मग थांबली. खांब बऱ्यापैकी वाकलेला होता. दार उघडून बाबा उतरले. अंगात कोणाचा तरी मोठा कोट, डोक्याला लोकरीची टोपी. वजन वाढलेलं होतं. ते बोटीवरून उतरलेल्या माणसांकडे सरळ बघत उभे राहिले आणि कोणालाच ओळख दाखवेनात.

“बंड्या,” आत्या म्हणाली.

“ताई का?” बाबांचा चेहरा आवाजाकडे वळला. “आलात होय. बसा, निघतोच आहे.”

जसं काही ते तिघं पुढच्या चौकात उतरणार होते.

बसमध्ये चालकाच्या शेजारी एक लाकडी स्टूल दोरीने बांधलेलं होतं आणि त्यावर एक धिप्पाड बाई बसली होती. कोपरापर्यंत पिठाने पांढरे झालेले हात, मांडीवर पावांची टोपली. बस निघाली आणि ती बाबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. बाबांनी मान डोलावली. पुढच्या वळणापाशी ती पुन्हा बोलली. बाबांनी पुन्हा मान डोलावली.

दादाने ठकीला कोपराने ढोसलं. “तुझ्या वहिनीला एवढ्यात काही कळवू नकोस.”

*

बाबांची खोली बसच्या शेडवर होती. खाली बस, वर बाबा. एक पलंग, एक शेगडी, एक टेबल, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे ज्यातला एकही घरून नेलेला नव्हता. बसमधल्या त्या पावभट्टीवाल्या बाईने जाता जाता पाव ठेवला आणि शेजारच्या घरून सुपाचं पातेलं आलं. ते आणणारा म्हातारा दाराशी उभा राहून तिघांना आळीपाळीने बघत होता. बाबांनी त्याला इथल्या भाषेतला एक शब्द सांगितला. त्याने टोपी काढली आणि गेला.

“काय सांगितलंत त्याला?” ठकीने विचारलं.

“हळू.”

“हळू?”

“मला इथले सातच शब्द येतात. त्यातला तो जरा बरा वाटतो.”

दादाने घसा साफ केला. बोटीत ठरलेलं असं होतं की सुरुवात दादाने करायची, मधलं हळवं ठकीने बोलायचं आणि शेवटचा घाव आत्याने घालायचा.

“बाबा, तुम्ही इथे काय करताय?”

“बस चालवतो.”

“ते दिसतंय. का चालवताय?”

बाबांनी थोडा विचार केला. “आधीचा चालक मुलीकडे राहायला गेला. बस नुसती उभी होती.”

“म्हणून तुम्ही चालवायची? परवाना कोणी दिला?”

“परवाना बघणारा माणूस बेटाच्या पलीकडच्या टोकाला राहतो. बस नव्हती त्यामुळे त्याला येता येत नव्हतं. मीच जाऊन घेऊन आलो. येताना त्याने बघितलं, कशी चालवतो ते.”

“मग?”

“गप्पा मारत होता. बघितलं असेल.”

दादाने ठकीकडे पाहिलं. हळवं बोलायची वेळ झाली होती. ठकीने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, पण तोंड उघडायच्या आधीच आत्याने सुपात पाव बुडवत विचारलं, “रोज काय करतोस मग? नुसता इकडून तिकडे?”

झालं. बाबा खुलले. घरी महिनोन्‌महिने ‘हो’, ‘नको’ आणि ‘पंखा लावा’ यापलीकडे न गेलेला माणूस, त्याने हातातला चमचा बाजूला ठेवला. मागे एकदा गाय आणली म्हणाले, आजारी होती, मधल्या वाटेत उभी केली, लोक जागा देऊन आखडून बसले, पण उतरायच्या वेळी गाय वळेना. मग सगळ्यांना मागच्या काचेतून उतरवलं आणि गाय तशीच परतीच्या वाटेला नेली. एकदा एका लग्नाची मंडळी आणि एक शवपेटी एकाच फेरीला आली. दिवसाला फेरीच एक. नवरी पुढे, पेटी मागे. मधल्या लोकांना हसावं की रडावं कळेना, म्हणून ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. चढावर बस बंद पडली तेव्हा नवरदेव आणि मयताचा मुलगा, दोघांनी खाली उतरून खांद्याला खांदा लावून ढकलली. “त्या पेटीचं तिकीट मी घेतलं नाही,” बाबा म्हणाले. “लोकांना ते आवडलं.”

आत्या डोळे पुसत हसत होती. कवळी निसटू नये म्हणून तिने तोंडावर हात धरला होता.

“आत्या,” दादा म्हणाला.

“ऐकू दे की रे. पुढे?”

“आपण त्यांना न्यायला आलोय.”

“मला माहितीय. पण आज परतीची बोट आहे का? नाही ना. मग काय घाई आहे?” तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. “जागा बरी आहे बंड्या. वारा तेवढा फार.”

ठकीच्या लक्षात आलं, आपली तोफ शत्रूला जाऊन मिळालीय. दादाच्याही ते लक्षात आलं होतं, आणि आता तो तिच्याकडेच संशयाने बघत होता. तसं तिचंही मन डळमळलं होतंच. घरातल्या खिडकीपाशी बसलेले बाबा तिला आठवत होते. तिने तरीही विचारलं, “बाबा, आमचं काही चुकलं का?”

“नाही गं. तुम्ही सगळे वेळेवर जेवायला हाक मारायचात.”

“मग?”

“इथे कोणी हाक मारत नाही. मला उशीर झाला तर लोक रस्त्यात थांबून राहतात.”

बाबांनी पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. हात ग्लासाच्या शेजारून गेला आणि टेबलावर पडला. त्यांनी टेबल चाचपत ग्लास शोधला आणि प्यायले. दादा तेव्हा खिडकीबाहेर बघत होता. ठकीने पाहिलं. तिला वाटलं, थकले असतील.

*

दुसऱ्या दिवशीच्या फेरीला तिघंही बसले. दादा म्हणाला होता की त्याला काडीचाही रस नाही, पण खोलीत एकटं बसायला त्याला आवडेना. रस्ता डोंगराला चिकटून वर चढत होता. उजवीकडे कातळ, डावीकडे खाली समुद्र आणि मध्ये कठडा नावाची एक दगडांची ओळ. दगडही मधूनमधून गायब होते. बसमध्ये दहा-बारा माणसं होती, एक बाई कोंबडीला शालीत गुंडाळून बसली होती.

ठकी स्टुलाच्या बरोबर मागच्या बाकावर होती. भट्टीवाली वाकली, एक शब्द बोलली. बाबांनी डावीकडे वळवलं. ती पुन्हा बोलली, दुसरा शब्द. बाबांनी उजवीकडे वळवलं. मग तिने तिसराच शब्द दोनदा म्हटला आणि बाबांनी ब्रेक दाबला. रस्त्यातून मेंढ्या जात होत्या. बाबा मेंढ्यांकडे बघत नव्हते. ते समोर, जरा वरच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे बघत होते.

ठकीला आधी नुसतं विचित्र वाटलं. मग तिने मनात जुळवून पाहिलं. डावीकडे. उजवीकडे. थांब. हळू. बाबांना येणारे सात शब्द. ती पुढे सरकून बाजूने बाबांच्या डोळ्यांत डोकावली. आयुष्यभर दिव्याच्या उजेडात माणसांचे चेहरे जवळून बघितलेल्या बाईला ते कळायला वेळ लागला नाही. एका डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी होती. दुसरीही त्याच वाटेवर होती.

ती काही बोलणार तोवर धुकं आलं. ते समुद्रावरून उठून एकदम रस्त्यावर आलं आणि काचेपुढे कातळ दिसेना, कठडा दिसेना. भट्टीवाली पुढे वाकली, काच पुसली, पुन्हा वाकली. आणि गप्प झाली.

बाबांनी बस उभी केली. चढावर. बस उभी राहिली आणि मग अगदी सावकाश मागे सरकू लागली. बाबांनी ब्रेकवर सगळा भार दिला तेव्हा ती थांबली.

“हातब्रेक ओढा,” दादा मागून म्हणाला.

“ओढलाय. तो नुसता नावाला आहे.”

“मग चला ना पुढे.”

“मला दिसत नाहीये.”

“धुकं आहे, बाबा. कोणालाच दिसत नाहीये.”

“तसं नाही,” बाबा म्हणाले. “मला धुकं नसलं तरी दिसत नाही.”

बसमध्ये ही भाषा कळणारी चारच माणसं होती आणि चौघंही गप्प झाली. कोंबडी तेवढी बोलत होती.

“कधीपासून?” ठकीने विचारलं.

“हिवाळ्यात वाढलं. आधी जरा धुरकट होतं. ही सांगते ना मला. सगळेच सांगतात. आजवर काही झालेलं नाही. एक खांब सोडला तर.”

आत्या इतक्या वेळात पहिल्यांदाच उभी राहिली. “बंड्या, ऊठ तिथून.”

“उठलो तर बस मागे जाईल, ताई.”

दादाने कोट काढून बाकावर टाकला. दुकानाच्या सुरुवातीच्या वर्षांत, गाडीवर माणूस ठेवणं परवडत नव्हतं तेव्हा, फरशांनी भरलेला ट्रक तोच चालवायचा. पुढे माणसं ठेवली, पोट सुटलं, आणि त्याने जड गाडीला हात लावला नव्हता, परवाना तेवढा सवयीने दर वेळी नवा करून घ्यायचा. तो भट्टीवालीला बाजूला सारून पुढे गेला. बाबांनी ब्रेकवरचा पाय तसाच ठेवून ढुंगण सरकवलं, दादा अर्धा त्यांच्या मांडीवर बसला, आणि दोघांचे पाय खाली एकमेकांना शोधू लागले.

“तो क्लच आहे,” बाबा म्हणाले.

“माहितीय मला.”

“मग त्यावरून पाय काढ, माझा पाय आहे तो.”

बस हातभर मागे गेली. कोणीतरी देवाला हाक मारली असावी, शब्द कळला नाही तरी सूर कळला. मग दादाने ब्रेक पकडला आणि बाबा सुटले.

“ठकी,” दादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी दुकानातल्यासारखा होता, वरच्या मांडणीवरून खोकं उतरवायला सांगावं तसा. “कोणीतरी पुढे चालायला पाहिजे. मला पांढरं काहीतरी दिसलं पाहिजे.”

आत्याने गळ्यातला पांढरा लोकरी स्कार्फ काढून दिला. ठकी उतरली. तो रस्ता ती पुढे कितीही वर्षं विसरणार नव्हती. हातात धरलेला स्कार्फ, पायाखालची तीन-चार हात खडी, आणि डावीकडे खूप खाली पाणी दगडावर आपटल्याचा आवाज. पाठीशी बस गुरगुरत येत होती. ती उजव्या हाताने कातळ चाचपत चालली. कातळ वळला की ती वळायची, ती वळली की बस वळायची. एकदा कातळ संपलाच, हात हवेत गेला, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पाठीमागे बसही उभी राहिली. दादाने हॉर्न वाजवला नाही, हाक मारली नाही. ती पुढचा कातळ सापडेपर्यंत तो थांबून राहिला. लहानपणी सायकल शिकवताना याच भावाने तिला दोनदा गटारात घातलं होतं, तेव्हाही तो असा गप्पच असायचा. पण आज तिला त्या गप्प राहण्याचा धीर वाटला.

खिंड ओलांडली तसं धुकं मागे राहिलं. गावात बस थांबली. लोक नेहमीसारखे एकेक करून उतरले आणि उतरताना नेहमीसारखं चालकाला काहीतरी बोलून गेले. कोंबडीवाल्या बाईने दादाच्या हातात एक अंडं ठेवलं. ते गरम होतं.

*

परत आल्यावर सगळे खोलीत टेबलाभोवती बसले. दादाने अंडं टेबलावर ठेवलं होतं आणि ते घरंगळू नये म्हणून त्याला एका बोटाने धरून बसला होता.

“मोतीबिंदू आहे,” ठकी म्हणाली. “दोन्ही डोळ्यांत. साधं ऑपरेशन आहे बाबा. एकेक करून दोन्ही करायचे, महिन्याभरात नीट दिसायला लागेल.”

“झालं की मग,” दादा म्हणाला. “उद्याच्या बोटीने निघायचं.”

“मी गेलो तर बस बंद पडेल,” बाबा म्हणाले.

“पडू दे. लोक मरता मरता वाचलेत.”

“बस नव्हती तेव्हा पलीकडच्या गावातली एक बाळंतीण डोंगरावर वाटेतच गेली. मी यायच्या आधी. हिची भाची.” बाबांनी दाराकडे मान केली. भट्टीवाली तिथे टोपली घेऊन उभी होती. तिला बोलणं कळत नव्हतं, पण कशाबद्दल चाललंय ते कळत असावं. “म्हणून ती रोज येऊन बसते. बाकी काही नाही. ठकी, तुझी वहिनी काय म्हणत असेल ते मला इथे बसून माहितीय.”

ठकी खाली बघू लागली. आत्याने मात्र बाईकडे नीट निरखून पाहिलं.

“ठकी, डोळे परत येतील हे नक्की ना?” तिने विचारलं.

“नक्की.”

“मग बंड्या, तू उद्या निघणार.” आवाज चढलाही नाही. “लोकांना घेऊन आंधळं जायचं म्हणजे काय खेळ आहे? काल मी हसले, माझी चूक झाली. डोळे नीट झाले की तुला कुठे जायचं तिकडे जा. मी कोणाला अडवू देणार नाही.”

बाबांनी मान खाली घातली. “आणि महिनाभर यांनी काय करायचं?”

ठकीने भावाकडे पाहिलं, तो काहीतरी तोडगा काढेल म्हणून. घरात तोडगे तोच काढायचा आणि बहुतेक सगळ्यांना वैताग आणायचा. दादा अंड्याकडे बघत होता.

“तिसरा गिअर अडकतो,” तो म्हणाला.

“अडकतो,” बाबा म्हणाले. “दुसऱ्यातून सरळ नाही टाकायचा. एकदा मोकळं सोडायचं, मग टाकायचा.”

“आणि हातब्रेक करून घ्यावा लागेल.”

“इथला मेकॅनिक करेल. मागे लागावं लागतं त्याच्या.”

“मी लागेन मागे,” दादा म्हणाला.

ठकीला आधी कळलंच नाही. “दादा, तू काय बोलतोयस?”

“महिनाभराचा तर प्रश्न आहे.”

“आणि दुकान?”

दादाने पहिल्यांदा अंड्यावरून नजर उचलली. “ठकी, मी दुकानात काय करतो सांग बरं. लोक येतात, फरशी विचारतात. मी तुझ्या वहिनीला हाक मारतो. ती दाखवते. मी म्हणतो, चांगली आहे, घ्या.” त्याने अंडं तळहातावर घेतलं. “आज ते उतरताना मला काय म्हणाले ते मला कळलं नाही. पण प्रत्येक जण म्हणाला.”

बाबा उठले, टेबलाच्या कडेला हात लावत त्याच्यापर्यंत गेले, आणि डोक्यावरची लोकरीची टोपी काढून त्याच्यापुढे धरली. ती दादापासून वीतभर डावीकडे होती. दादाने हात लांब करून घेतली.

“वर फार गार असतं,” बाबा म्हणाले.

*

बोट बेटापासून लांब, पलीकडच्या किनाऱ्याजवळ आली तेव्हा कुठे फोनला रेंज आली. आत्या कवळी पर्समध्ये ठेवून डोळे मिटून बसली होती. बाबा तिच्या शेजारी बसून बेट तिकडे आहे अशा समजुतीने एका बाजूला तोंड करून होते, जरी बेट आता उलट्या बाजूला होतं.

वहिनीचा आवाज दुकानातून आला, मागे कोणीतरी फरशी कापत होतं. “बाबा मिळाले का, वन्सं?”

“मिळाले. घेऊन येतोय. डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय, बाकी तब्येत उत्तम.”

“आणि ती बाई?”

“आहे. पण तसं काही नाही.”

“तसं काही नाही म्हणजे कसं आहे?”

“ती त्यांना रस्ता सांगते.”

वहिनीने हे ऐकून घेतलं. “बरं. ह्यांच्याकडे द्या जरा. बाथरूमच्या निळ्या फरशीचं विचारायचंय.”

“तो बोटीवर नाहीये.”

“म्हणजे?”

“तिकडेच थांबलाय. महिनाभर. बस चालवायला.”

फरशी कापायचं मशीन बंद झालं. कोणी बंद केलं की आपोआप झालं, ते ठकीला कळलं नाही. समुद्राच्या आवाजात तिला वाटलं फोन कटलाय.

“वहिनी?”

“ऐकतेय.” दुकानाचं दार लावल्याचा आवाज आला. “कसे दिसत होते हे निघताना?”

ठकीला काहीतरी गंमतीदार उत्तर द्यायचं होतं, पण सुचलं नाही. “मला दिसलाच नाही नीट. फेरीची वेळ झाली होती. आम्हाला धक्क्यावर सोडलं आणि लोकांना घेऊन निघून गेला.”

“हात केला का?”

“नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.”

वहिनी हसली की तिने नाक ओढलं, सांगता आलं नसतं. मग ती नेहमीच्या, गिऱ्हाइकाला वेळ सांगायच्या आवाजात म्हणाली, “महिन्याने हे काही आपणहून यायचे नाहीत. कोणाला तरी आणायला जावं लागेल. मीच जाते. दुकान तुम्ही आणि बाबा बघा.”

आत्याने डोळे न उघडता हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

“सूनबाई,” ती कवळीशिवायच्या तोंडाने म्हणाली, “माझं धरून दोन तिकिटं काढ.”